तेरचा इतिहास पावलांनी मोजायला हवा

१/
धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर बहुधा एकच वाक्य फिरते: "या गावाचा दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार होता." वाक्य खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबणारा तेरचा निम्माच इतिहास पाहतो. उरलेला निम्मा तेरहून पंढरपूरला पायी जाणाऱ्यांच्या वाटेवर आहे. प्राचीन वैभव ओसरल्यावर मागे राहिलेली भाविक पुरवणी, असे त्या वाटेकडे पाहिले जाते. प्रस्तुत थ्रेडचे म्हणणे याच्या उलट आहे: तेरचे ते प्राचीन वैभवसुद्धा नीट कळायचे असेल, तर चालणाऱ्या माणसाच्या हिशेबानेच कळते.

२/
प्रथम व्यापाराची बाजू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचा वृत्तान्त लिहिला. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यात दख्खनच्या दोन बाजारपेठा विशेष म्हणून नोंदल्या आहेत. पहिली पैठण: भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर: पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, आणि फार मोठे शहर. तगरहून साधे जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येई, असे तो सांगतो.

३/
या नोंदीतील मोजमाप लक्षात घेण्याजोगे आहे. आतल्या मुलखातील अंतर तो दिवसांत सांगतो. गाडीवानाला, तांड्याला, ओझे वाहणाऱ्याला अंतर असेच ठाऊक असे. मराठीत आजही 'मजल दरमजल' हा शब्दप्रयोग रूढ आहे. एका दिवसात चालून होणारी वाट म्हणजे मजल, आणि जिथे ती संपते तो मुक्काम. पहिल्या शतकातील त्या ग्रीक नोंदीत आणि मराठी बोलीत मोजण्याची रीत एकच आहे. फरक एवढाच की बोलीत तो अलंकार होऊन राहिला, आणि त्याचा मूळ अर्थ केवळ पायी वारीत जिवंत राहिला.

४/
तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद होता. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असे प्रतिपादन केले आणि तेच पुढे मान्य झाले. नावातील साम्य, जुने लेख आणि अंतर अशा अनेक गोष्टी या निष्कर्षाच्या बाजूने आहेत. त्यांपैकी अंतराचा पुरावा कोणीही नकाशा समोर ठेवून तपासू शकतो, आणि तो तपासताना चालण्याचा हिशेब हाती असावा लागतो.

५/
हिशेब असा. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर आहे. वीस दिवसांनी भागले तर दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. दहा दिवसांनी भागले तर दिवसाला पंधरा. दोन्ही आकडे एकमेकांजवळ येतात. वाटेची वळणे, नद्यांचे उतार आणि घाट धरले तर दिवसाची मजल वीस किलोमीटरच्या आसपास जाते. लादलेला बैल आणि चालता माणूस यांना ती झेपणारी आहे. आता देवगिरी घ्या. पैठणपासून ती फार तर तीन-चार मजलांवर, आणि तीही उत्तरेला. जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेस. तेर काटेकोर पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, हे खरे. तरी दहा दिवसांचा हिशेब या तिघांत तेरलाच लागू पडतो.

६/
या आकड्यांशी पालखीचा वेग ताडून पाहता येतो. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे २५० किलोमीटरची वाट साधारण अठरा ते वीस दिवसांत चालते. सरासरी तेरा-चौदा किलोमीटर. लाखोंचा समुदाय, विसावे, रिंगणे आणि काही गावी जास्तीचा मुक्काम यांमुळे ही गती व्यापारी तांड्याहून थोडी मंद आहे. पण जात तीच आहे. पैठणहून तेरला मोटारीने काही तासांत पोहोचणाऱ्याला 'दहा दिवस' हा केवळ जुना आकडा वाटेल. पायी वारी केलेल्याला त्यात दहा मुक्काम, दहा ठिकाणचे पाणी आणि दहा रात्रींचा निवारा दिसेल. प्राचीन व्यापार म्हणजे नेमके हेच होते: प्रत्येक मजलेच्या शेवटी पाणी, चारा आणि ओळखीचे गाव.

७/
व्यापार मंदावला तरी तेरचे नाव मात्र मोठेच राहिले. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. त्यांच्या राजधान्या तेरपासून दूर होत्या. तरी तगर या श्रेष्ठ नगराशी नाते सांगणे त्यांना भूषणावह वाटे. गावात त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर उभे आहे. त्याचा अर्धवर्तुळाकार पाठीचा भाग आणि गजपृष्ठाकृती छत चैत्यगृहाची आठवण करून देतात. हेन्री कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते मुळात बौद्ध चैत्य असावे, असे मत मांडले. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच. दगडाच्या देशात तेर हे मातीचे गाव आहे.

८/
मातीची ही खूण जमिनीखालीही सापडते. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीचे थर, भांडी आणि भाजलेल्या मातीच्या वस्तू उजेडात आल्या. गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि आज त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्ये आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. रोमच्या वाक्याला बळ मिळते ते येथून. पण संग्रहालयात हस्तिदंताहून कितीतरी अधिक जागा मातीला आहे: बाहुल्या, दिवे, भांडी, साचे. हे सारे कुंभाराच्या हातचे काम.

९/
म्हणूनच तेरचा सर्वांत प्रसिद्ध माणूस कुंभार असावा, हे गावाच्या स्वभावाला धरून आहे. संत गोरा कुंभार, म्हणजे वारकऱ्यांचे गोरोबाकाका. ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन, आणि संतमंडळात वयाने वडील म्हणून 'काका'. परंपरेप्रमाणे त्यांनी शके १२३९ मध्ये, म्हणजे इ. स. १३१७ मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला देह ठेवला. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. त्यांच्या नावावर सुमारे वीस अभंग मिळतात. ग्रंथकर्तृत्व फार नाही, मठ नाही, राजाश्रय नाही. तरी सातशे वर्षे लोक त्यांच्या दाराशी येतात, आणि तेथून त्यांची पालखी पंढरीला पायी जाते.

१०/
गोरोबाकाकांविषयीच्या दोन कथा महाराष्ट्राला पाठ आहेत, आणि दोन्ही चालण्याशी संबंधित आहेत. पहिली मडक्याच्या परीक्षेची. संतमंडळी जमलेली असताना काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. इतर शांत राहिले, नामदेव चिडले. काकांनी 'हे मडके कच्चे' असा निवाडा दिला. मग नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. एका प्रचलित परंपरेनुसार ही परीक्षा तेरलाच झाली. कथा खरी की रचलेली, हा निराळा प्रश्न. तिचा रोख मात्र स्पष्ट आहे: देवाचा लाडका भक्तही जागेवर बसून पक्का होत नाही. त्याला गाव सोडून निघावे लागते.

११/
पुढे नामदेव किती दूर गेले, हे इतिहासाला ठाऊक आहे. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मारक आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या ६१ रचना आहेत. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते याच नात्याने. पहिल्या शतकात तेरचे कापड वायव्येकडे गेले. तेराव्या-चौदाव्या शतकात मराठी संताचे शब्द त्याच बाजूला त्याहून पुष्कळ पुढे गेले. कापड नेणाऱ्या गाड्यांचा इतिहास आवर्जून सांगणाऱ्यांनी शब्द नेणाऱ्या पावलांचा इतिहास दुय्यम का मानावा?

१२/
दुसरी कथा अधिक दारुण आहे. विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना काकांचे स्वतःचे लेकरू पायांखाली गेले. पुढे त्यांनी आपले हात तोडून घेतले. आणि पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात ते हात परत आले, मूलही परत मिळाले. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात ही कथा विस्ताराने येते. चमत्कार हा घटनेचा पुरावा होत नाही. पण अठराव्या शतकातील श्रोत्याच्या मनात काय होते, याचा तो पुरावा नक्कीच आहे. ज्या पायांनी कुंभाराचा घात केला, त्याच पायांनी तो पंढरीला गेला. घरात जे फिटले नाही, ते वाटेच्या शेवटी फिटले. वारीला निघणाऱ्या कित्येक घरांची वारीकडून हीच अपेक्षा असते.

१३/
आता तेर ते पंढरपूर या वाटेचा भूगोल. अंतर सरळ रेषेत मोजले तरी शंभर किलोमीटरहून अधिक. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. म्हणजे तेरचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातले. पंढरपूर भीमेच्या काठी, आणि भीमा कृष्णेला मिळते. तेव्हा तेरचा वारकरी बालाघाटाचा उंचवटा ओलांडून, बार्शी तालुक्यातून, सीना पार करून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरतो. गोदेची पैठण आणि भीमेची पंढरी या महाराष्ट्राच्या दोन मोठ्या श्रद्धास्थानांना जोडणारा जो सांधा आहे, त्याच्या कुशीत तेर बसले आहे. हे नकाशावर वाचता येते; घाट उतरताना ते गुडघ्यांना कळते.

१४/
या वाटेवर दुसरी एक सरहद्दही होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तेर हैदराबादच्या निजामी राज्यात होते, तर बार्शी आणि पंढरपूर १९४७ पर्यंत इंग्रजी अंमलात. तेरहून निघालेला वारकरी दोन-चार मजलांत राज्य बदलत असे. अलीकडे हाली शिक्का चालत असे, पलीकडे इंग्रजी रुपया. अलीकडे दरबारी भाषा उर्दू, पलीकडे कचेरीत मराठी आणि इंग्रजी. भाषावार प्रांतांची मागणी कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठवाड्यातील माणूस दरवर्षी ही सरहद्द पायी ओलांडून आपल्याच भाषेच्या लोकांत मिसळत होता. मराठवाड्याचा उर्वरित महाराष्ट्राशी संबंध १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सांगणाऱ्यांनी ही वाट हिशेबात धरलेली नसते.

१५/
तिसरा पुरावा आगगाडीचा. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीच्या बाजूने बार्शीला आली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली आणि १९११ मध्ये लातूरला. यात्रेकरूंची वाहतूक हे तिचे एक मोठे उत्पन्न होते. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपासून या भागातील माणसाला पंढरपूरला बसून जाण्याची सोय आहे. पुढे मोटारी आल्या, एसटी आली. तरी पायी जाणे थांबले नाही. वाहन नव्हते म्हणून लोक चालत होते, हे स्पष्टीकरण १९०६ नंतर टिकत नाही. तेव्हापासून तरी पायी वारी ही निवड आहे, आणि जी गोष्ट माणसे सोय असूनही निवडतात, तिचा इतिहास गंभीरपणे लिहायला हवा.

१६/
येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली: आजचे वारकरी सातवाहनांच्याच रस्त्याने चालतात, असा दावा कोणी करू नये. पैठणची वाट तेरच्या वायव्येस, पंढरपूरची नैर्ऋत्येस. व्यापाराचा तांडा आणि वैष्णवांची दिंडी यांच्यात हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि मधल्या काळाची सलग साखळी दाखवता येत नाही. दोहोंत समान आहे ती मोजण्याची रीत आणि मुक्कामाची व्यवस्था. तेवढा दावा पुरेसा आहे. त्याला 'अखंड दोन हजार वर्षांची परंपरा' असे नाव दिले की इतिहास संपतो आणि जाहिरात सुरू होते.

१७/
दुसरी सूचना: वाट सर्वांची होती, पण वाटेच्या शेवटी दार सर्वांना उघडे नव्हते. चोखोबांसारखा संत विठ्ठलाच्या दाराबाहेरच राहिला. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. इरावती कर्वे यांनी स्वतः पायी वारी करून जे लिहिले, त्यात एकाच वाटेवर चालणाऱ्यांच्या जातवार पंक्ती नोंदल्या आहेत. कुंभार, माळी, शिंपी, महार यांना संतपद देणारी परंपरा आणि त्यांच्याच जातभाईंना दाराशी अडवणारी व्यवस्था शतकानुशतके शेजारी नांदल्या. वारीचा अभिमान बाळगणाऱ्याने हे दोन्ही एकाच श्वासात सांगितले पाहिजे.

१८/
यावर एक आक्षेप येईल, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. तगर हे मोठे शहर होते, तेर आज एक गाव आहे. पालखीने पोट भरत नाही. पेठ गेली ती गेलीच. मग याला ऱ्हास नाही तर काय म्हणायचे? उत्तर असे की बाजाराच्या मापाने तो ऱ्हास आहेच. पण बाजार हे एकच माप नव्हे. व्यापाराच्या अनेक प्राचीन पेठा केवळ पांढरीची टेकाडे होऊन राहिल्या. त्यांचे नाव अभ्यासकांनाच ठाऊक असते. तेरचे नाव अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक राहिले, ते पेरिप्लसमुळे नव्हे. ते गोरोबाकाकांमुळे आणि त्यांच्या वाटेने चालणाऱ्यांमुळे राहिले. गावाचे नाव टिकवणे, हेही इतिहासातले मोठे काम आहे.

१९/
जगात इतरत्र हे काम ओळखले गेले आहे. जपानच्या शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची सुमारे १,२०० किलोमीटरची पायी प्रदक्षिणा आहे. तेथे मंदिरांइतकीच त्यांना जोडणारी वाट, वाटेवरचे दगडी फलक आणि यात्रेकरूला गावकऱ्यांकडून मिळणारे दान हेही वारशात मोजले जाते. स्पेनमधील सान्तियागोची यात्रावाट १९९३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, इमारतींबरोबर वाटही. महाराष्ट्रात वारीचा इतिहास लिहिताना बहुतेक प्रकाश आळंदी आणि देहूच्या पालख्यांवर पडतो. त्यांचा मान मोठा आहे. पण पंढरपूरला जाणाऱ्या वाटा चहूबाजूंनी येतात, आणि मराठवाड्यातून येणाऱ्या वाटांच्या नोंदी त्या मानाने कमी आढळतात.

२०/
तेव्हा इतिहासात रस असणाऱ्या तरुणांसाठी काम समोर आहे, आणि त्याला उत्खननाचा परवाना लागत नाही. तेरच्या दिंडीचा मुक्काम कोणत्या गावी, कोणाच्या वाड्यात किंवा देवळात पडतो. पूर्वी कुठे पडत असे. कोणत्या बारवेचे पाणी प्यायले जाई. पंगत देण्याचा मान कोणत्या घराकडे, आणि कोणत्या घराला तो कधीच मिळाला नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा कोणती झाडे गेली. हे सारे आज वयोवृद्ध वारकऱ्यांच्या स्मरणात आहे. संग्रहालयाच्या कपाटातील बाहुली आणखी शंभर वर्षे तशीच राहील. स्मरणातील मुक्कामांची यादी तितकी थांबणार नाही.

२१/
तेरला जाणाऱ्याने संग्रहालय पाहावेच. त्रिविक्रमाच्या विटा पाहाव्यात, तेरणेकाठी समाधीचे दर्शन घ्यावे. पण परत फिरताना निदान एक मजल पायी चालावी. सकाळी निघून संध्याकाळी जिथे पाय थांबतील, तिथवरच्या गावांची नावे लिहून घ्यावीत, पाण्याच्या जागा टिपाव्यात, कोणी चहा विचारला तर त्याचीही नोंद करावी. पहिल्या शतकातील 'दहा दिवस' या दोन शब्दांत काय काय सामावले होते, याचा एक दशांश भाग त्या वहीत उतरलेला असेल.